वजन मुलाचे, वेळापत्रक घराचे

सकाळी सहाला क्लास. निघताना कपभर गोड चहा आणि चार बिस्किटे. तिथून परस्पर शाळा. मधल्या सुट्टीत डबा अर्धा खाल्ला जातो, अर्धा तसाच परत येतो. शाळा सुटली की वडापाव आणि एखादे थंड पेय, मग दुसरा क्लास. रात्री साडेनऊला जेवण, त्यानंतर गृहपाठ आणि मोबाईल. झोपायला बारा वाजतात. आठवी ते दहावीतल्या कितीतरी मुलांचा दिवस आज असा जातो. अहिल्यानगर शहरातल्या सावेडी-केडगावात असो, की संगमनेर-श्रीरामपुरात.

अशा मुलाचे वजन वाढले की घरात दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, ‘खात्यापित्या घरचा आहे, उंची वाढली की उतरेल.’ दुसरे, ‘आळशी झालाय, मोबाईल सोडत नाही.’ पहिल्या वाक्याने दुखणे झाकले जाते आणि दुसऱ्याने सगळा दोष मुलाच्या माथी जातो. वर दिलेले वेळापत्रक मुलाने आखलेले नाही, हे मात्र कोणी बोलत नाही.

केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाची देशव्यापी पाहणी केली. त्यात १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले-मुली कृश आढळली, तर जादा वजनाची सुमारे ५ टक्के. यावरून वजनाची काळजी करण्यासारखे काही नाही असे वाटेल. पण त्याच पाहणीत दहापैकी साधारण एका मुलाची रक्तातील साखर मधुमेहपूर्व पातळीवर होती. म्हणजे जाड दिसणाऱ्या मुलांपेक्षा साखर बिघडलेली मुले जास्त.

याचा उलगडा पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून होतो. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. ही बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्या मुलांच्या बाबतीत थोडे वाढलेले वजनही दुर्लक्ष करण्यासारखे का नाही, ते यातून कळते. विशेषतः पोटाभोवती वाढलेले.

आता वेळापत्रकाकडे वळू. पहिला मुद्दा झोपेचा. किशोरवयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. शिवाय या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी लवकर जाग येत नाही. झोप कमी पडली की भूक वाढवणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक वाढते, पोट भरल्याची जाणीव देणारे ‘लेप्टिन’ घटते आणि मन गोड-तळलेल्याकडे ओढ घेते. लहान मुलांची झोप अपुरी होते म्हणून राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. ज्यांचे घड्याळ खरोखर पुढे सरकलेले असते ती आठवी-दहावीची मुले त्यात नाहीत, आणि त्यांच्या क्लासची वेळ तर आपणच ठरवतो.

दुसरा मुद्दा साखरेचा. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारणाऱ्या या जिल्ह्यात पाहुण्याला कमी गोड चहा देणे म्हणजे कंजूषपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे पाच-सहा चमच्यांच्या आत असलेली बरी. पाव लिटर कोलामध्येच तेवढी साखर असते. दोन-दोन चमचे साखरेचे दोन कप चहा आणि सोबत बिस्किटे घेतली, तरी ही मर्यादा गाठली जाते. पातळ पदार्थातून गेलेल्या साखरेने पोट भरत नाही, त्यामुळे जेवण काही कमी होत नाही.

तिसरा मुद्दा हालचालीचा. या वयात रोज किमान तासभर दम लागेल अशी हालचाल हवी. पूर्वी ती शाळेची पायपीट, विटीदांडू, कबड्डी आणि शेतातली कामे यांतून आपोआप व्हायची. आता दारातून रिक्षा किंवा स्कूटर आणि वर्गात बाक. दहावीच्या वर्षी तर खेळाचा तासही गणिताला दिला जातो. मुलींचे खेळणे त्याआधीच, पाळी सुरू होताच, थांबवले जाते. मात्र खेळ वाढवला की बाहेरचे कितीही खाल्ले तरी चालते, असेही नाही. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी असतात. अर्धा तास चालून त्यातल्या शंभरएक खर्च होतात.

मग करायचे काय? आधी मोजायचे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, तेव्हा गावातल्या साध्या बायकांनी आरोग्य सेविका होऊन घरोघरच्या बाळांची वजने घेतली. कोणते मूल खंगते आहे, हे त्यातून वेळेत कळू लागले. किशोरवयीन मुलांसाठीही तीच सवय हवी. दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन वहीत लिहून ठेवा. मुलांना मोठ्यांचा बीएमआयचा तक्ता लावू नका. बालरोगतज्ज्ञांकडे भारतीय मुलांसाठीचे २०१५ चे वाढीचे तक्ते असतात. घरच्या घरी एक सोपी खूणही पाहता येते. मुलाच्या उंचीइतकी दोरी घेऊन ती दुहेरी करा. ती कमरेभोवती पुरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. मानेवर मळासारखा काळसर, जाडसर पट्टा दिसला किंवा मुलीची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षांनीही फार अनियमित असली, तरीही दाखवा. तो पट्टा घासून जात नाही. शरीरात इन्सुलिनचे काम बिघडत असल्याची ती खूण असू शकते.

घरात बदल करायचे ते सगळ्यांनी. एकट्या मुलाच्या ताटातली पोळी कमी केली, तर तो बाहेर खातो. पहाटेचा आणि संध्याकाळचा असे दोन क्लास असतील तर एक कमी करता येतो का, पाहा. शाळा सुटल्यावर भूक लागणारच. तेव्हा भाजलेले शेंगदाणे-फुटाणे, मोडाची मटकी किंवा सकाळची भाकरी-पिठले हाताशी ठेवा. हुलग्याचे शेंगोळे आणि बाजरीची भाकरी आपल्या भागात नवी नाही. रात्रीचे जेवण साडेआठपर्यंत आणि झोपताना सगळ्यांचे मोबाईल बाहेरच्या खोलीत, वडिलांचासुद्धा. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ विकू नयेत असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. पालकसभेत त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

उपाशी राहणे, पावडरी किंवा ‘महिन्यात दहा किलो’वाल्या जाहिराती वाढत्या वयात घातक ठरतात. बहुतेक मुलांचे वजन आहे तिथे थांबले आणि उंची वाढत राहिली, तरी पुरेसे होते. आणि ‘जाड्या’, ‘ढोल्या’ ही हाक घरातून आधी बंद करा. चिडवलेले मूल मैदानावर जाणे टाळते आणि लपून खाऊ लागते. आज रात्री मुलाला रागवण्याआधी, घरातले सगळे किती वाजता जेवतो आणि किती वाजता झोपतो, एवढे एका कागदावर लिहून पाहा.