विकतचा अंधार

उजेडाला पैसे पडतात, हे विजेचे बिल भरणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला ठाऊक असते. पण अंधारही विकत मिळतो आणि तो चांगला महाग असतो, हे कळायला घरात एखादे छायाचित्रणाचे वेड असलेले माणूस असावे लागते. आमच्या घरी ते काम आमच्या कन्येने पत्करले आहे. गेल्या वर्षी तिने दोन वाटोळ्या काचा आणल्या. एक धुरकट, दुसरी तव्याच्या बुडासारखी काळी. दोन्ही कॅमेऱ्याच्या भिंगापुढे फिरवून बसवायच्या. भिंग उजेड आत घेण्यासाठी असते. मग त्याच्या डोळ्यावर ही झापड कशाला, असा प्रश्न माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला पडणारच. त्याचे उत्तर समजावून घेण्यात माझी एक दिवाळीची आणि एक उन्हाळ्याची सुट्टी खर्ची पडली. दहावीनंतर शास्त्राचे पुस्तक मिटून ठेवलेल्या वाचकांसाठी त्यातले थोडे इथे सांगतो.

धुरकट काचेला 'पोलरायझर' म्हणतात. आपल्याकडे 'ध्रुवीकरण' हा शब्द राजकारणाने इतका वापरून टाकला आहे, की प्रकाशाच्या बाबतीत तो उच्चारला की निवडणूक आठवते. शास्त्राच्या परिभाषेत 'ध्रुवण' हा नेटका शब्द आहे, तोच बरा. सूर्यापासून निघालेला उजेड सर्व दिशांनी थरथरत येतो. पाण्यावर, काचेवर किंवा ओल्या पानावर आपटून तो परत फिरला, की त्याची थरथर बरीचशी एकाच दिशेची होते. पाण्यावरून येणारी चकाकी बहुतांशी आडव्या थरथरीची असते. आता गजांची खिडकी डोळ्यांसमोर आणा. उभी धरलेली काठी गजांतून आत जाईल, आडवी धरली तर अडेल. पोलरायझरचे काम साधारण असेच चालते. काच कडीत गोल फिरवता येते. फिरवता फिरवता एका जागी चकाकी अडते आणि पाण्याखालचे दगड दिसू लागतात.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती १८०८ साली पॅरिसमध्ये. मालुस नावाचा एक फ्रेंच अभियंता मावळत्या उन्हात चमकणाऱ्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे एका स्फटिकातून पाहत होता. त्या स्फटिकातून प्रत्येक वस्तूची दोन चित्रे दिसतात. मालुसने स्फटिक फिरवला तसे त्यांतले एक मंदावत गेले. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९२९ साली, एडविन लँड या अमेरिकेतल्या विशीतल्या पोराने हाच गुण असलेल्या स्वस्त पातळ पत्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ही करामत सामान्यांच्या हाती येण्याची वाट मोकळी झाली. तुमच्याकडे पोलरॉइड गॉगल असेल, तर तो संगणकाच्या सपाट पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवून पाहा. एका जागी पडदा काळा पडतो. आमच्याकडे या प्रयोगाला शेजारची मुलेही जमली होती.

काचेच्या मर्यादाही आहेत. ताटावाट्यांची चमक तिला हटवता येत नाही. धातूवरचा उजेड तिला दाद देत नाही. पाण्याकडे थेट वरून वाकून पाहिले तरी उपयोग नाही, ते तिरपे पाहावे लागते. आकाश गडद निळे हवे असेल तर सूर्याशी काटकोनात असलेला पट्टा निवडावा. आणि इंद्रधनुष्याच्या वेळी जपून! काच भलत्या जागी फिरली तर तेच पुसले जाते.

काळ्या काचेला 'न्यूट्रल डेन्सिटी' म्हणतात. तिला 'उदासीन' म्हणावे असे मला वाटते. रडवी या अर्थाने नव्हे, गीतेत हा शब्द येतो त्या अर्थाने. लाल, निळा, पिवळा असा पंक्तिभेद न करता ती सगळ्यांना सारखेच अडवते. दुपटीची काच अर्धा उजेड आत सोडते, चौसष्टपटीची चौसष्टावा हिस्सा आणि हजारपटीची जेमतेम हजारावा. (फार काळी काच कधी कधी तांबूस झाक देते, वैराग्यही शंभर टक्के कुठले असायला!) उजेड कमी आला की शटर तेवढेच जास्त वेळ उघडे ठेवता येते. एरवी सेकंदाच्या १२५व्या भागात उरकणारे चित्र हजारपटीच्या काचेने आठ सेकंद चालते. एवढ्या वेळात वाहते पाणी दुधाच्या सायीसारखे होते. मात्र या काचेतून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे डोळा लावून पाहू नये. ती कितीही काळी असली तरी डोळ्याचे रक्षण करीत नाही.

आता खरी गोष्ट. यंदा हिवाळ्यात आम्ही आईला घेऊन वाईला गेलो. वाई तिचे माहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णाकाठी मेणवलीच्या घाटावर कन्येने तिकाटणे रोवले. कोवळे ऊन होते. धुरकट काच चढवताच पाण्यावरचे आकाश नाहीसे झाले आणि खालच्या पायरीचे शेवाळ, गोटे, बोटभर मासे दिसू लागले. आई त्या छोट्या पडद्यात डोकावून म्हणाली, "अगं, लहानपणी मी यातच उतरत होते. असंच दिसायचं."

मग पोरीने दोन्ही काचा एकावर एक चढवल्या आणि शटर दोन मिनिटे उघडे ठेवले. त्या दोन मिनिटांत घाटावर मुलांची पळापळ होती, एक गृहस्थ स्नान करून पायऱ्या चढून गेले, चौघी बायका धुणे आपटीत बोलत होत्या. चित्र आले ते मोठे देखणे. नितळ नदी, जुना दगडी घाट, माणसाचे नाव नाही. बायकांच्या जागी फिकट धूर. हलल्या नाहीत त्या वस्तू तेवढ्या ठसठशीत उमटल्या : दोन बादल्या आणि पिळ्यांचा ढीग.

आईने चष्मा पुसून पाहिले. "बादल्या आहेत, मग बायका कुठं गेल्या?"

"आजी, त्या हलत होत्या ना, म्हणून पुसल्या गेल्या."

"काम करणारी हलणारच. मग काय बसून राहायचं चित्रासाठी?"

हे जुनेच दुखणे आहे. १८३८च्या सुमारास दागेर या फ्रेंच कलावंताने पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्ता वर्दळीचा, पण चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत, म्हणून गाड्याघोडे, माणसे सगळी नाहीशी. दिसतो तो एक गृहस्थ, कारण तो बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. बूट पुसणारा मात्र नीट दिसत नाही. त्याचे हात चालले होते. दागेरचा नाइलाज होता. आमच्या पोरीने तोच नाइलाज पैसे देऊन आणला होता.

यावर घरी बरेच दिवस वाद झाला. ती म्हणते, "बाबा, चकाकी काढली ती आजीला चालली. मग गर्दी काढली तर काय बिघडलं?" मला दोन्ही सारखे वाटत नाही. पहिल्या काचेने पाण्यात होते ते दाखवले, दुसरीने घाटावर होते ते झाकले. तिला हे वकिली वाटते. तिचे एक म्हणणे मात्र मी मान्य करतो : डोळ्यांना नदीचा एकेक क्षण दिसतो, दोन मिनिटांची नदी कधीच दिसत नाही, ती त्या चित्रात आहे.

निघायच्या दिवशी सकाळी ती पुन्हा घाटावर गेली, या वेळी चौसष्टपटीची काच घेऊन. शटर अर्धा सेकंद. पाणी मऊ झाले, बायका राहिल्या; फक्त धुणे आपटणारे हात पुसट आले. आईने तीच प्रत मागून घेतली आणि मामाला पाठवली. मामाचा फोन आला, की डावीकडची आपल्या आळीतली आहे, ओळखलीस का?

घेऊ म्हणणाऱ्यांनी आधी धुरकट काच घ्यावी. तिचे काम नंतर संगणकावर करता येत नाही. चकाकीखाली जे उमटलेच नाही ते संगणक आणणार कुठून? काळ्या काचेचे काम आताचे मोबाइल बरेचसे निभावतात, पुष्कळ चित्रे घेऊन ती एकत्र करतात. काच घेताना भिंगाच्या कडेवरचा मिलिमीटरचा आकडा पाहून घ्यावा. भिंगे दोन असतील तर मोठ्याच्या मापाची काच घेऊन धाकट्याला जोडकडी बसवावी. एका काचेत भागते.