हवा कुठून पळते? मोजा की!

एसी चालू आहे, रिमोटवर २४ दिसतंय, तरी खोली काही केल्या थंड होत नाही. मग आई दाराखाली जुनी चादर गुंडाळून ठेवते, बाबा खिडकीच्या फटीत पेपर कोंबतात आणि तुम्ही म्हणता, ‘गॅस संपला असेल, त्या माणसाला बोलवा.’ एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. खोलीतली थंड हवा पळतेय तरी किती? अंदाजाने नाही, आकड्यात सांगा.

हा प्रश्न विचारून पोट भरणारी माणसं जगात आहेत. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये इमारतीतली हवेची गळती मोजणं हा रीतसर व्यवसाय आहे. त्याचं ट्रेनिंग असतं, परीक्षा असते, सर्टिफिकेट असतं. त्यासाठी इंजिनीअरिंगची डिग्री लागतेच असंही नाही. शिडी चढायची तयारी आणि बारावीचं फिजिक्स डोक्यात शिल्लक असलं, तरी सुरुवात होते.

त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे ‘ब्लोअर डोअर’. नाव भारी, काम साधं. मुख्य दाराच्या चौकटीत घट्ट बसेल अशी लहान-मोठी करता येणारी ॲल्युमिनियमची फ्रेम, तिच्यावर ताणून बसवलेलं हवा न सोडणारं कापड आणि कापडातल्या गोल भोकात एक कॅलिब्रेट केलेला पंखा. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. पंखा जितकी हवा बाहेर टाकतो, तितकीच फटींतून आत येते. म्हणजे पंख्यातून जाणारी हवा मोजली की घरातल्या सगळ्या फटींची बेरीज हातात. तीही एकही फट न शोधता! ही आयडिया ज्याला सुचली त्याला सलाम.

दाबातला फरक ठेवायचा ५० पास्कलचा. वातावरणाचा दाब साधारण एक लाख पास्कल असतो, त्यापुढे ५० म्हणजे किस झाड की पत्ती. पाण्याच्या भाषेत बोलायचं तर जेमतेम ५ मिलीमीटर उंचीचं पाणी. पण हाच दाब दोन चौरस मीटरच्या दारावर पडला की दहा किलोचं वजन टेकल्यासारखं होतं. घरावर सगळ्या बाजूंनी एकदम ताशी ३० किलोमीटरच्या आसपासचा वारा आदळावा, तशी ही अवस्था. वाऱ्याच्या एखाद्या झुळकीने आकडा हलू नये म्हणून इतका दाब लागतो.

आता जरा आकडेमोड, घाबरू नका. तुमची खोली १२ बाय १० फुटांची आणि १० फूट उंच धरू. आत १,२०० घनफूट हवा. ५० पास्कलचा फरक टिकवायला पंख्याला मिनिटाला २०० घनफूट हवा बाहेर टाकावी लागली, तर तासाला झाली १२,००० घनफूट. म्हणजे तासात खोलीतली हवा दहा वेळा बदलली. हा तुमच्या खोलीचा स्कोअर : १०. सगळ्या फटी एकत्र केल्या तर सव्वा-दीड पोस्टकार्डाएवढं भोक. जर्मनीतून आलेल्या ‘पॅसिव्ह हाउस’ मानकात हाच स्कोअर ०.६च्या आत लागतो, म्हणजे त्याच खोलीला पंख्याने मिनिटाला फक्त १२ घनफूट हवा ओढायची. कुठे २०० आणि कुठे १२!

इतकं ऐकल्यावर वाटेल, पंखा लावायचा, आकडा वाचायचा, यात शिकायचं काय? खरं तर पंखा चालू करण्याआधीच निम्मं ट्रेनिंग संपलेलं असतं.

घर ‘तयार’ करावं लागतं. बाहेरची दारं-खिडक्या बंद, आतली सगळी दारं उघडी. एक्झॉस्ट फॅन बंद. न्हाणीघरातल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी आहे ना ते बघायचं, नाहीतर ड्रेनेजमधून हवा (आणि वास) आत येणार आणि आकडा चुकणार. गॅसवर चालणारा हीटर बंद करायचा, आणि काम झाल्यावर आठवणीने परत चालू करायचा. थंड देशांत घरात फायरप्लेस असते. तिच्यातली राख झाकायला विसरलात तर पंखा सुरू होताच ती चिमणीतून खाली येणाऱ्या हवेबरोबर दिवाणखान्यात पसरते. पुढे काय होतं ते सांगायला नको.

मग पंखा बंद ठेवून आत-बाहेर मुळात किती फरक आहे ते मोजायचं, कारण वारा आणि तापमान यांच्यामुळे तो शून्य कधीच नसतो. त्यानंतर एकाच दाबावर न थांबता वेगवेगळ्या दाबांवर रीडिंग घ्यायची. इथे तुमचं गणित कामाला येतं. हवेचा प्रवाह दाबाच्या कुठल्यातरी घाताच्या प्रमाणात वाढतो. हा घात ०.५ ते १ यांच्या मध्ये पडतो, बहुतेक घरांत ०.६५च्या आसपास. लॉग-लॉग ग्राफवर बिंदू मांडले की सरळ रेषा यायला हवी. नाही आली, तर चाचणी चालू असताना कुणीतरी खिडकी उघडली, नळी वाऱ्यात हलली किंवा पंख्याला चुकीची रिंग लावली. नववीपासून ‘याचा उपयोग काय’ म्हणत जो लॉगॅरिदम ढकलला, तो असा दारात येऊन उभा राहतो.

आकडा मिळाला की शोधमोहीम. पंखा चालू ठेवून धुराची बारीक कांडी स्विचबोर्डाजवळ, खिडकीच्या चौकटीशी, छताच्या कोपऱ्यात फिरवायची. धूर वळला की चोर सापडला. बाहेर-आत तापमानात बऱ्यापैकी फरक असेल तर थर्मल कॅमेऱ्यात फटी चक्क रंगीत पट्ट्यांसारख्या दिसतात.

हे सगळं सुरू झालं १९७०च्या दशकात. १९७३च्या तेलसंकटाने इंधन महागलं आणि पाश्चात्त्य देश घरं तपासायला लागले. स्वीडनमध्ये खिडकीत बसवायचा पंखा वापरून गळती मोजली जात होती, पुढे अमेरिकेत तो दारात आला. न्यू जर्सीत ट्विन रिव्हर्स नावाची वसाहत आहे. तिथल्या घरांचा अभ्यास करणाऱ्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांना एक कोडं पडलं. माळ्यावर इन्सुलेशन नीट घातलेलं असूनही हिशोबापेक्षा कितीतरी जास्त उष्णता वर निघून जात होती. या गटात गौतम दत्त हे संशोधकही होते. शेवटी कळलं, की चोरवाटा वेगळ्याच होत्या. धुराड्याभोवतीची जागा, दोन घरांमधल्या सामाईक भिंतीची पोकळी. गरम हवा इन्सुलेशनला वळसा घालून माळ्यावर पोचत होती. याच कामातून ‘हाउस डॉक्टर’ ही कल्पना निघाली. आधी तपासणी, मग निदान, मग औषध. कॅनडात रेजायना शहरात १९७७ साली एक प्रायोगिक घर बांधलं गेलं. कडाक्याच्या थंडीतही त्याला भट्टी लागली नाही, आणि त्यामागे जाड इन्सुलेशनइतकाच हवाबंदपणाही होता.

आता मुद्द्याची गोष्ट. फटी बुजवणं हे चांगलंच काम, असं वाटत असेल तर थांबा. न मोजता फटी बुजवणं माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

हिवाळा आला की आपल्याकडच्या पेपरांत एक बातमी हमखास येते. बाथरूममध्ये गॅस गीझर चालू, दार-खिडकी बंद, आणि आंघोळीला गेलेली व्यक्ती बाहेर आलीच नाही. गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. चिमणी किंवा पाइप असला तरी धोका संपत नाही. घर घट्ट असेल आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट जोरात हवा ओढत असेल, तर पाइपमधून बाहेर जाणारा धूर उलटा घरात येतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या ट्रेनिंगमध्ये गळती मोजण्याइतकाच भर या तपासणीवर असतो. घरातले सगळे एक्झॉस्ट एकदम चालू करून, दारं उघडून-मिटून, सगळ्यात वाईट परिस्थिती मुद्दाम उभी करायची आणि बघायचं, की हीटरचा धूर बाहेर जातो की मागे फिरतो. टेक्निशियनच्या अंगावर कार्बन मोनॉक्साइडचा मीटर असतो. हवेत दहा लाखांत ७० भाग दिसले की चर्चा नाही, सगळ्यांना बाहेर काढायचं. फटी बुजवून झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करायची. ती न करता घरी जाणारा माणूस कितीही हुशार असला, तरी माझ्या लेखी तो या कामाच्या लायकीचा नाही.

दुसरी परीक्षा वेगळीच असते. ब्रिटनमध्ये २००६पासून नव्या घरांना हवागळतीची चाचणी लागू झाली. तेव्हा एका चौरस मीटरमागे तासाला १० घनमीटर ही कमाल मर्यादा होती, २०२२मध्ये इंग्लंडमध्ये ती ८वर आली आणि सँपल म्हणून निवडक घरं तपासण्याऐवजी प्रत्येक नवं घर तपासणं आलं. चाचणी होते इमारत पूर्ण होताना. बिल्डरला घाई असते, तुम्ही नापास केलं तर त्याचा ताबा लांबणार. अशा वेळी फटीवर तात्पुरती टेप चिकटवून आकडा सुधारायचा मोह होतो. मुद्दाम ठेवलेले हवेचे मार्ग चाचणीपुरते बंद करता येतात, बांधकामातल्या फटींवर अशी टेप चालत नाही. हा फरक वर्गात पाच मिनिटांत कळतो. पण साइटवर चार माणसं घड्याळाकडे बघत उभी असताना ‘नाही’ म्हणायला जास्त वेळ लागतो.

‘पण हे सगळं थंड देशांचं, आम्हाला काय?’ बरोबर आहे. आपल्याकडे घरांसाठी ही चाचणी सक्तीची नाही, आणि कोकणातल्या कौलारू घराला कुणी ब्लोअर डोअर लावायला गेलं तर पंखाच रडेल. तिथे हवा खेळती असण्यातच शहाणपण आहे. पण नवी मुंबईत चला. मुंबई परिसर हे देशातलं सगळ्यात मोठं डेटा सेंटर केंद्र आहे. सर्व्हर रूममध्ये आग लागली तर पाणी मारता येत नाही, म्हणून खास गॅस सोडतात. तो गॅस साधारण १० मिनिटं खोलीत पुरेशा प्रमाणात टिकला पाहिजे, नाहीतर आग परत भडकू शकते. फॉल्स सीलिंगच्या वर, उचललेल्या फरशीच्या खाली केबलसाठी पाडलेली भोकं उघडी राहिली की गॅस तिथून निसटणार. महागडा गॅस न सोडता हे कसं तपासायचं? दारात तोच पंखा बसवून. इथे याला ‘डोअर फॅन टेस्ट’ किंवा ‘रूम इंटिग्रिटी टेस्ट’ म्हणतात, आणि ती करणाऱ्यांना काम मिळतं.

त्या दिशेने जायचं असेल तर आयटीआयचा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड, मेकॅनिकल किंवा सिव्हिलचा डिप्लोमा, नाहीतर फिजिक्सची बीएस्सी, यातलं काहीही पाया म्हणून चालतं. पुढे ऊर्जा लेखापरीक्षणात शिरायचं असेल तर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची एनर्जी मॅनेजर-ऑडिटरची परीक्षा आहे, तिची पात्रता मात्र आधी बघून घ्या. मीटर धरायला आणि ग्राफ वाचायला लवकर शिका, बाकीचं साइट शिकवते.

आणि आज रात्री करून बघायचं असेल तर देव्हाऱ्यातली एक उदबत्ती पुरे. सगळ्या खिडक्या बंद करा, किचनची चिमणी फुल स्पीडवर टाका, पडदे बाजूला बांधा आणि पेटती उदबत्ती खिडकीच्या रुळाजवळ, एसीच्या पाइपच्या भोकापाशी, मुख्य दाराच्या खाली हळूहळू फिरवा. शेजारच्यांच्या बोंबिल फ्रायचा वास बाथरूमच्या डक्टमधून नेमका कुठून येतो, तेही कळेल. धूर कुठे वळतो ते वहीत लिहा. गॅस गीझर चालू असताना मात्र हा प्रयोग अजिबात करू नका, आणि झाल्यावर खिडक्या उघडा.