चेम्मीन (चित्रपट)

चेम्मीन (अर्थ: कोळंबी) हा १९६५ साली प्रदर्शित झालेला मल्याळम चित्रपट आहे. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या याच नावाच्या कादंबरीवर (१९५६) तो आधारलेला असून त्याचे दिग्दर्शन रामू करिआट यांनी केले.

केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांमध्ये ही कथा घडते. पत्नी पतिव्रता राहिली तरच 'कडलम्मा', म्हणजे समुद्रमाता, कोळ्याला सुखरूप परत पाठवते, ही समजूत तिच्या मुळाशी आहे. करुत्तम्माचे प्रेम परीकुट्टी या मुसलमान मासळी-व्यापाऱ्यावर असते. विवाह मात्र पळनी या कोळ्याशी होतो. तिच्याविषयी कुजबुज सुरू होताच इतर कोळी पळनीला होडीवर घेईनासे होतात आणि तो एकटाच समुद्रात जाऊ लागतो. करुत्तम्मा व परीकुट्टी पुन्हा भेटतात त्याच रात्री शार्क माशामागे गेलेला पळनी भोवऱ्यात बुडतो. समजूत अशा प्रकारे खरी ठरते. परंतु त्याला समुद्रात एकटे पाडणारा समाजच असतो.

संगीत सलील चौधरी, छायाचित्रण मार्कस बार्टली आणि संकलन हृषीकेश मुखर्जी यांचे आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला दक्षिण भारतीय चित्रपट होय.