दोन एसटी गाड्यांचे अंतर

माझी थोरली बहीण अक्का गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मुलाकडे राहून आली. मुलगा कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात नोकरीला आहे. एका रविवारी त्याने आईला आणि आपल्या लहान मुलाला रॉकी पर्वतात एल्क नावाची हरणे दाखवायला नेले. सोबत फोटो कसे काढावेत हे शिकवणारा वाटाड्या होता. परत आल्यावर अक्काने जे सांगितले ते वाचकांनीही ऐकावे असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

एस्टेस पार्क हे तिथले पायथ्याचे गाव सुमारे 2,290 मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर, म्हणजे ते गावच कळसूबाईहून उंच! दम लागतो, पाणी सारखे प्यावे लागते. गावाला लागून रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे पैसे घेऊन लोकांना फिरवायचे तर उद्यानाचा परवाना लागतो.

एल्क हा आपल्या सांबराचा मोठा भाऊबंद म्हणावा. नर खांद्यापाशी 5 फूट उंच, वजन 300 किलोंहून अधिक. त्याची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्यांचा माजाचा काळ. तेव्हा नर कुरणात उतरून मोठ्याने शीळ घालतात. एवढ्या थोरल्या जनावराच्या गळ्यातून बासरीसारखा चिरका सूर निघतो, हे ऐकून नातू हसतच सुटला.

त्या संध्याकाळी मोरेन पार्क नावाच्या कुरणाकडेला एक मादी पाडसासह चरत होती. अक्का नातवाला म्हणाली, "जा रे, चार पावले पुढे हो, फोटो छान येईल." पोराने पाऊल उचलले तोच वाटाड्याने आडवा हात धरून त्याला मागे आणले. अक्काला राग आला. ती मुलाला म्हणाली, "अरे, जन्मभर लोकांनी आपल्याला लांबच उभे केले. इथेही तेच का?"

मुलाने वाटाड्याला विचारून उत्तर सांगितले. एल्कपासून किमान 75 फूट, म्हणजे साधारण 23 मीटर दूर राहायचे, हा उद्यानाचा नियम आहे. दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढे अंतर होईल तेवढे. नियम सगळ्यांना एकच, गोरा असो की काळा, श्रीमंत असो की गरीब. माजाच्या काळात नर फार थोडे खातात, अंगावरची चरबी झिजते आणि पुढे बर्फाचा हिवाळा असतो. अशा वेळी माणसाने पळवले तर ती ताकद फुकट जाते. थोड्याच वेळात झाडीतून एक नर मादीच्या मागे धावत आला आणि पोर जिथे जाणार होते तिथूनच गेला. अक्का गप्प झाली.

मग वाटाड्याने फोटोची रीत दाखवली. मोटारीतच बसावे, कारण माणूस उतरला की जनावर सावध होते. खिडकीच्या काचेवर धान्याची लहान पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवावा, म्हणजे हात हलत नाही. लांबचे टिपायला 300 किंवा 400 मिलिमीटरची भिंग-नळी हवी. मोबाइल असेल तर जनावर लहान दिसू द्यावे, मागचा डोंगर मोठा घ्यावा. खोटी शीळ घालून बोलावणे किंवा अंधारात झोत टाकणे तिथे गुन्हा आहे. ज्यांना वाटाड्या परवडत नाही त्यांनाही उद्यानाचे प्रवेशशुल्क भरून रस्त्याकडेने हेच दिसते.

या हरणांचा जमाखर्चही ऐका. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी इतकी शिकार झाली की त्या भागात एल्क जवळजवळ उरले नाहीत. मग 1913 व 1914 साली यलोस्टोनहून 49 एल्क आणून सोडले. 1915 साली उद्यान झाले. लांडगे मारून संपवले होते, त्यामुळे पुढे एल्क वाढले आणि विलो व अॅस्पेनची कोवळी रोपे खाऊ लागले. 2008 पासून काही झाडीला कुंपण घालावे लागले. एक खाते बुडवले की दुसऱ्यात तूट येते, ती अशी.

दुसरी नोंद त्याहून जड आहे. या डोंगरांत पूर्वी अरापाहो आणि यूट हे आदिवासी राहत, शिकार करत. त्यांना तिथून हुसकावले गेले. 1914 साली, एल्क परत आणले जात होते त्याच सुमारास, दोन अरापाहो वृद्धांना वायोमिंगमधील राखीव भागातून बोलावून दोन आठवडे डोंगरांत फिरवले. कशासाठी? तर जुनी स्थळनावे विचारून घेण्यासाठी. कावुनीची हे खोऱ्याचे नाव त्यांच्याच भाषेतले. हरणांना घर परत मिळाले. माणसांकडून नावे तेवढी घेतली.

अक्काच्या घरी आता तो फोटो भिंतीवर आहे. त्यात एल्क अगदी लहान दिसतो. शेजारीपाजारी विचारतात, जवळून का नाही काढला? अक्का सांगते, "माणसाला कमी लेखून लांब ठेवणे वेगळे आणि दुसऱ्याच्या जिवाला जपून आपण लांब राहणे वेगळे." बंधू-भगिनींनो, पोरांना घेऊन ताडोब्याला जा नाहीतर परदेशी जा, हा फरक त्यांना जरूर सांगा.