‘कबूल’ म्हंजे काय, माय?

सकाळचे साडेदहा वाजलेत आणि मार्चचं ऊन आत्ताच चटके देतंय. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची घुमटाची दगडी इमारत आहे, १९४० साली उघडलेली. काळ्या कोटांची तिकडे जाण्याची लगबग चालू आहे. रस्त्याच्या अलीकडे चहाची टपरी, टपरीमागे कडुलिंब आणि त्याच्या सावलीत प्लास्टिकच्या चार खुर्च्या. त्यातल्या एकीवर मी बसलो आहे. समोर आजी, त्यांचा कॉलेजात शिकणारा नातू आणि त्यांच्या वकीलबाई.

आजी सत्तरीच्या. उमरेडच्या पुढच्या एका गावाहून पहिल्या एसटीनं आल्या आहेत, अर्ध्या तिकिटात. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पॉलिथिनमध्ये गुंडाळलेले कागद. त्यातली दोन पानं मात्र त्यांनी हातातच धरली आहेत आणि ती पानं घामानं ओली झाली आहेत.

हायकोर्टाचा आदेश नातवाच्या फोनवर परवा आला. आदेश इंग्रजीत. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे वरच्या न्यायालयांचं काम इंग्रजीत चालतं. नातवानं तो आदेश एका फुकटच्या भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला आणि जे मराठी बाहेर आलं ते झेरॉक्सच्या दुकानात छापून आजीला वाचून दाखवलं. तेव्हापासून आजींच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

‘अपील कबूल करा,’ असं पहिल्या पानावर लिहिलंय. त्याखाली ‘प्रतिवादीने जमिनीत तृतीय पक्षाचे व्याज निर्माण करू नये.’

“मले सांग माय, मी हारली का?” आजी वकीलबाईंना विचारतात. “कबूल केलं म्हंजे भावाचंच खरं झालं ना? अन् हे व्याज कायचं? मी तं कोनाचा एक पैसा घेतला नाई जी.”

वकीलबाई तिशीच्या असतील. त्या आधी आजींना पाणी देतात. मग मूळ इंग्रजी आदेश फोनवर उघडून बोट ठेवून वाचतात आणि दोन वाक्यं झाल्यावर मान वर करतात.

“आजी, तुम्ही हरल्या नाहीत. कोर्टानं तुमचं अपील दाखल करून घेतलं. इतकी वर्षं ते घ्यायचं की नाही, इथंच अडलं होतं. कोर्ट म्हणतंय, यात कायद्याचा मोठा प्रश्न आहे, आम्ही ऐकतो. आणि व्याजबिज काही नाही. तुमच्या भावानं निकाल लागेपर्यंत ती जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही, असा हुकूम आहे.”

‘ॲडमिट’चं ‘कबूल’ झालं, ‘इंटरेस्ट’चं ‘व्याज’. शब्दकोशात दोन्ही अर्थ सापडतील. पण कोर्टाच्या कागदावर एक अर्थ तारतो आणि दुसरा झोप उडवतो. इंग्रजी आदेशातल्या ‘लीव्ह ग्रँटेड’चं, म्हणजे अपिलाला दिलेल्या परवानगीचं, यंत्रानं ‘सुट्टी मंजूर’ केल्याचं उदाहरण न्यायालयीन वर्तुळात नेहमी सांगतात. इथं समोर आजींचा चेहरा बघताना मला ते उदाहरण पहिल्यांदाच नीट कळतंय.

दावा वाटणीचा आहे. वडील १९९८ साली गेले, आई त्यांच्याही आधी. तालुक्याच्या कोर्टानं वडिलोपार्जित जमिनीत आजींना चार आण्यांचा वाटा दिला, भावाला बारा आण्यांचा. मुलींना जन्मानं समान हक्क देणारी वारसा कायद्यातली दुरुस्ती २००५ ची, आणि २०१५ च्या ‘प्रकाश विरुद्ध फुलावती’ निकालाप्रमाणे वडील त्या वेळी हयात असायला हवे होते. २०१९ मध्ये जिल्हा न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. पण ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘विनीता शर्मा’ प्रकरणात सांगितलं की हक्क जन्मानं येतो, वडील २००५ मध्ये जिवंत होते की नव्हते याचा संबंध नाही. आजींचे आठ आणे या एका निकालावर उभे आहेत.

नातू थोडा पुढे सरकतो. त्यानं रात्री एआयलाही विचारलंय. उत्तर त्याच्याकडे तयार आहे, छान मराठीत, मुद्द्यांसकट. “मॅडम, यानं मुंबई हायकोर्टाचाही एक निकाल दिलाय, आपल्याच बाजूचा.”

वकीलबाई फोन हातात घेतात. विनीता शर्माबद्दलचा भाग वाचून त्या मान डोलावतात. तो बरोबर आहे. मग त्या हायकोर्टाच्या निकालाचं नाव आणि वर्ष शोधायला लागतात. न्यायालयाच्या संकेतस्थळावर नाही. त्या वापरतात त्या संग्रहातही नाही. नाव उलटसुलट टाकून बघतात, तरी नाही. टपरीवरचा चहा येतो आणि निवून जातो.

“हा निकाल नाहीच आहे,” त्या शेवटी म्हणतात. “त्यानं रचलाय.”

पोराचा चेहरा उतरतो. त्या त्याला रागावत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी असेच रचलेले निकाल कोर्टापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलरचा दंड बसला, हे त्या त्याला सांगतात. “ते तर वकील होते. तू तपासायला आणलंस, हे चांगलं केलंस.”

मला त्या पोराचं कौतुक वाटतं, आणि त्या ॲपवरही मला राग धरता येत नाही. दावा लागल्यापासून आजींच्या हातात किती कागद पडले असतील, पण वरच्या कोर्टाचा कागद त्यांच्या भाषेत परवा पहिल्यांदा आला. चुकीचा आला, पण आला, म्हणून तर त्यांना विचारावंसं वाटलं. आधी त्या विचारतही नव्हत्या. वकील सांगेल तिथं अंगठा, मुन्शी सांगेल ती पेशी.

या शहराचं कोर्टातल्या यंत्रांशी जुनं नातं आहे. इथंच वकिली केलेले शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही प्रणाली आणली. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी नागपुरात ‘न्याय कौशल’ या ई-रिसोर्स सेंटरचं उद्घाटन केलं. देशातल्या कुठल्याही कोर्टात इथून प्रकरण ऑनलाइन दाखल करता यावं, हा त्यामागचा हेतू. त्याच दिवशी काटोलला वाहतुकीच्या चलनांसाठी आभासी न्यायालय सुरू झालं. सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल मराठीतही मिळू लागले. २०२३ मध्ये ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले, त्यातले ५३.५७ कोटी एआय आणि ब्लॉकचेनसाठी. त्या पैशातून कडुलिंबाखालच्या या खुर्चीसारखी एक खुर्ची प्रत्येक तालुका कोर्टात का येऊ नये? यंत्राचं भाषांतर हातात, आणि समोर ते वाचून सांगणारं माणूस.

वकीलबाई आजींकडून पैसे घेत नाहीत. त्या विधी सेवेच्या यादीवरच्या आहेत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. आजींना हे १५१०० या क्रमांकावर फोन केल्यावर कळलं, तोवर निम्मं शेत वकिलाच्या फीपोटी गहाण पडलं होतं.

“पुढची पेशी कवा?” आजी विचारतात.

वकीलबाई पोराला ई-कोर्ट्सचं ॲप उघडायला लावतात. स्वतः बघत नाहीत, त्यालाच शिकवतात. सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक कागदावर कुठं असतो, तो टाकला की तारीख, मागचे आदेश, सगळं कसं दिसतं. पोरगा एकेक अक्षर टाकतो. पडद्यावर आजींचं नाव येतं. तो फोन आजींच्या डोळ्यांजवळ धरतो. आजींना वाचता येत नाही, तरी त्या नावाकडे बघत राहतात.

“पेशी पुढं गेली, येवढं ऐकाले मी किती खेपा टाकल्या,” त्या म्हणतात. “सोयाबीन तसंच टाकून.”

“आता दर वेळी यायचं नाही. हा घरून बघेल. लागलं तर मी फोन करते.”

आजी ती दोन ओली पानं पुढे करतात. “हे कबूल अन् व्याज खोडून दे माय. भाऊकीत कोनाच्या हाती लागलं तं उलटंच सांगत सुटतीन.”

वकीलबाई पेन काढतात. ‘कबूल करा’वर रेघ मारून वर लिहितात, ‘दाखल करून घेतले’. ‘तृतीय पक्षाचे व्याज’ पूर्ण खोडून त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहितात, ‘जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही’. आजी पोराला ते वाचायला लावतात. तो वाचतो. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. टपरीवाला उकळता चहा तसाच ठेवून ऐकतो आहे.

आजी पानांची घडी घालतात. या वेळी पिशवीत नाही, पदराच्या टोकाला बांधतात, आणि गणेशपेठेच्या स्टँडला जाणारा ऑटो कुठं मिळेल म्हणून विचारतात.