वाळवंटातल्या नदीवर पक्षी का थांबतात? (भागाचं लिखित रूप)

आज कोडिंग बाजूला, आज पक्षी.

एप्रिलमध्ये मी ॲरिझोनात, सिएरा व्हिस्टाजवळ सॅन पेद्रो नदीकाठी फिरून आलो. नदी म्हटल्यावर गोदावरी आठवली असेल, तर ती विसरा. इथे काही ठिकाणी बूट काढून सहज पलीकडे जाता येतं. आजूबाजूला कोरडं, काटेरी माळरान आणि मधोमध कॉटनवुड अन् विलोच्या झाडांची एक हिरवी पट्टी. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचा भाऊबंद.

आता गंमत बघा. ही नदी मेक्सिकोत उगम पावते आणि उत्तरेकडे वाहते. वसंतात लहान पक्षीसुद्धा दक्षिणेकडून उत्तरेकडेच निघालेले असतात. त्यातले बरेचसे रात्री उडतात. दिवसा सावली, पाणी आणि किडे हवेत ना? म्हणजे हायवेवरचा ढाबाच म्हणा!

सगळ्यात आधी दिसला व्हर्मिलियन फ्लायकॅचर. चिमणीपेक्षा लहान, नर एकदम लालभडक. फांदीवरून झेप घेतो, हवेतच किडा पकडतो आणि पुन्हा बसतो. तारेवरचा आपला कोतवाल आठवला. दुसरा लाल पक्षी समर टॅनेजर. हा मधमाशी पकडून फांदीवर आपटतो, मग खातो. अगदी वेडा राघूसारखा!

पण ही झाडं जगतात ती मुख्यतः जमिनीखालच्या पाण्यावर. १९८८ मध्ये अमेरिकी संसदेने इथली सुमारे ५७ हजार एकर जमीन संरक्षित केली. तरी धोका आहेच, कारण संरक्षित हद्दीबाहेर उपसलेलं पाणी शेवटी नदीचंच कमी होतं. शेजारच्याने खोल बोअर मारला की आपली विहीर आटते, तसंच. पातळी खाली गेली की आधी रोपटी मरतात, मग मोठ्या झाडांच्या फांद्या वाळतात. झाडं गेली की किडे गेले, आणि ढाबा बंद.

जाणार असाल तर उजाडताच पोहोचा, दुपारी पक्षी गप्प होतात. मर्लिन ॲपमध्ये तिथला पॅक आधीच डाउनलोड करा, मग नेटवर्क नसलं तरी चालतं. मात्र ॲपने नाव सुचवलं तरी पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय यादीत टाकू नका. आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. घरटं करायच्या दिवसांत तो बिचारा कामधंदा सोडून खोट्या प्रतिस्पर्ध्याला शोधत बसतो.

तुमच्या गावच्या नदीवर कोणते पक्षी दिसतात? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!