झोताचा वारा आणि लहान विमानाचे अवतरण

धुळ्यानजीकचे गोंदूर, शिरपूर आणि जळगाव येथील धावपट्ट्यांमुळे खानदेशाला लहान विमानांचा परिचय झाला आहे. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे एक विमान चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ सातपुड्यात कोसळले. त्यात प्रशिक्षक मृत्युमुखी पडले व प्रशिक्षणार्थी जखमी झाली. तो अपघात अवतरणाच्या वेळचा नव्हता. तथापि लहान विमानांचे पुष्कळसे अपघात उतरतानाच होतात, आणि झोताझोताने वाहणारा वारा हे त्यांचे एक प्रमुख कारण होय.

विमानाला तोलून धरणारे उत्थापक बल हे जमिनीच्या नव्हे, तर हवेच्या सापेक्ष असलेल्या वेगावर अवलंबून असते. आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. समजा, एक लहान विमान हवेच्या सापेक्ष ताशी १२० किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे उतरत आहे. समोरचा वारा अकस्मात ३० किलोमीटरने ओसरला, तर जडत्वामुळे विमानाचा जमिनीवरील वेग तत्काळ वाढत नाही. हवेतील वेग ९० वर येतो आणि उत्थापक बल मूळच्या नऊ-षोडशांश, म्हणजे सुमारे ५६ टक्के उरते. ताशी २५० किलोमीटरने उतरणाऱ्या मोठ्या विमानाच्या बाबतीत हेच बल सुमारे ७७ टक्के राहते. यावरून असे दिसते की, एकसारख्या जोरदार वाऱ्यापेक्षा वाऱ्याचे आकस्मिक ओसरणे अधिक घातक असते.

विमान खचू लागताच नवशिका वैमानिक स्वाभाविकपणे त्याचे नाक वर ओढतो. परंतु पंख व हवा यांमधील कोन मर्यादेपलीकडे गेला, की पंखावरील प्रवाह विस्कटतो व उरलेला आधारही जातो. जमीन जवळ असल्याने सावरण्यास अवकाश राहत नाही. वारा तिरका असल्यास एक पंख उचलला जाऊन विमान धावपट्टीबाहेर ढकलले जाण्याचाही संभव असतो.

खानदेशात असे वारे अपरिचित नाहीत. वैशाखात तापीखोऱ्यातील काळी जमीन तापली, की दुपारी वावटळी उठतात. वळवाच्या पावसाच्या वेळी मेघांतून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. रावेर-यावलकडील केळीच्या बागा आडव्या करणारा वारा पुष्कळदा हाच असतो.

यास्तव झोतांच्या चढउताराच्या निम्म्याइतका वेग अधिक ठेवून उतरण्याचा प्रघात आहे. वारा २० ते ४० किलोमीटरांच्या दरम्यान हेलकावत असेल, तर १२० ऐवजी १३० ठेवावा. शिवाय शक्यतो सकाळच्या शांत हवेत उड्डाण करावे. एवढे करूनही विमान स्थिर न राहिल्यास एंजिनाची शक्ती पूर्ण वाढवून वर निघून जावे व पुन्हा फेरी घ्यावी. अवतरण सोडून देणे हे अकौशल्य नव्हे. नवशिक्या वैमानिकास प्रथम पटवून द्यावयाची गोष्ट तीच आहे.